कडमच्या काठी

या वर्षी संपादकांनी विषय दिला, ‘किनाऱ्यावरची सुट्टी’. सोबत इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याचं एक छायाचित्र होतं. कड्याला बिलगून बसलेली रंगीत घरं, खाली निळं पाणी, मधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. आपल्याकडची माणसंही आता तिथे जातात. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या युरोपच्या सहलीत इटली हटकून असतं. मला मात्र दुसरीच माणसं बघायची होती. किनवट, भोकर, माहूर, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यातल्या कुटुंबाला चार घटका पाण्याकाठी काढाव्याशा वाटल्या, तर ते कुठे जातं?

ते आदिलाबादेत जातं. तेलंगणाच्या अगदी उत्तरेचा हा जिल्हा. समुद्र गाठायचा तर इथून रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पण जिल्ह्याच्या वरच्या अंगाने पैनगंगा वाहते, आणि खालच्या डोंगरांतून कडम नावाची नदी निघते. बोथ-बाजारहतनूरच्या बाजूला उगम पावून ती कातळावरून कोसळत, रानातून वाट काढत पुढे निर्मळ जिल्ह्यात उतरते आणि गोदावरीला मिळते. पोचेरा आणि कुंताला हे दोन्ही धबधबे हिच्याच वाटेवर, गिरनूरजवळचा कनकाईही हिचाच. पोळा झाल्यावर, पावसाची झड ओसरली की इथे गर्दी सुरू होते आणि दिवाळीनंतरही बरेच दिवस टिकते. त्याच दिवसांत मी गेले.

शून्य तिकीट

नागपूरहून हैदराबादला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पिंपळखुटीजवळ पैनगंगा ओलांडून जिल्ह्यात शिरतो. आदिलाबाद, गुडीहतनूर, इचोडा आणि मग नेरडीगोंडा. कुंतालाला जायचा फाटा इथेच. रविवारी सकाळी या फाट्यावर उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. एमएच २६ नांदेडची, २९ यवतमाळची, ३४ चंद्रपूरची. टीएस ०१ आणि अलीकडची टीजी ०१ ही आदिलाबादची. क्रूझरमध्ये पंधरा-सोळा माणसं, टपावर चटया आणि पाण्याचे जार, मागच्या दाराला बांधलेलं जर्मनचं पातेलं. नांदेडचे लोक भैंसा-निर्मळवरून येतात किंवा भोकर-किनवट करून आदिलाबादेत उतरतात.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या सुट्टीत मोठा बदल झाला आहे तो बसमुळे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेखाली बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. कंडक्टर आधार कार्ड बघतो, यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. नदीपलीकडे महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सीमेवर राहणाऱ्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच पिशवीत सापडतात.

आदिलाबादहून निर्मळला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर तिघं होते. किनवटकडची एक आजी, गुडीहतनूरला दिलेली तिची लेक आणि मांडीवर न मावणारा नातू. लेकीने आधार दाखवलं, तिला शून्याचं तिकीट मिळालं. आजीने लुगड्याच्या कनवटीची गाठ सोडून पैसे मोजले.

“तिकडं अर्धं लागलं, इकडं पुरं,” ती मला म्हणाली. “पण लेकीचं फुकट झालं ना, त्यातच माझं आलं म्हणायचं.”

लेक म्हणाली, “आधी पोळ्याला माहेरी जायचं आणि दिवाळीला जायचं, बस. फिरायला म्हणून घराबाहेर कशाला निघतो आम्ही, ताई? आता वस्तीतल्या बायका मिळून निघतो. धबधबा लहानपणापासून ऐकून होते. बघितला मागच्या वर्षी. या वर्षी आईला घेऊन चालले.”

गुडीहतनूरहून कुंताला किती लांब? तासाभराची वाट. तेवढं अंतर तोडायला या बाईला तिशी उलटावी लागली. बसमध्ये अशा आणखी पुष्कळ जणी होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींच्या सोबत पुरुषमाणूस नव्हता. पर्यटनाच्या जाहिरातींत या बायका कुठेच दिसत नाहीत. एक-एकटीला विचारलं तर कुणी ‘सहल’ म्हणते, कुणी ‘पिकनिक’, आजी ‘जत्रा’ म्हणाली. निघायची कारणं मात्र सगळ्यांची एकच. पाणी बघायचं, तिथे बसून जेवायचं, अंधाराच्या आत घरी यायचं.

शिट्टीवाला

नेरडीगोंड्याहून कुंतालापर्यंत साधारण बारा किलोमीटर ऑटोने. आधी दोन्ही अंगांना कपाशी आणि सोयाबीन, मग साग सुरू होतो. वाहनतळावर उतरलं की पायऱ्या. शेकडो पायऱ्या खाली जातात, आणि उतरताना वाटतं तेवढं सोपं चढताना वाटत नाही. अर्ध्या वाटेवर बसून राहिलेल्या आज्यांची एक वेगळीच मैफल जमलेली असते. त्या तिथूनच धबधबा बघतात आणि खाली गेलेल्यांच्या चपला-पिशव्या सांभाळतात.

धबधबा सुमारे ४५ मीटर, म्हणजे दीडशे फुटांच्या घरात. एकाच धारेने तो कोसळत नाही. काळ्या कातळाच्या पायऱ्यांवरून टप्प्याटप्प्याने उतरतो, प्रत्येक टप्प्यावर फुटतो, पसरतो, पुन्हा एकवटतो. जवळून बघितलं तर कातळाला बारीक बारीक भोकं आहेत. पाणी ओसरलेल्या जागी तो तळहाताएवढ्या पट्ट्यांत दोन रंगांचा दिसतो. राखाडी पट्ट्यावर पाय ठरतो. काळपट हिरव्या पट्ट्यावर शेवाळाचा इतका पातळ थर असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तरच कळतो. घसरणारा माणूस बहुतेक वेळा याच दोन पट्ट्यांच्या सीमेवर घसरतो.

हे मला दाखवलं ते तिथल्या राखणीच्या तरुणाने. गावातलाच पोरगा, गळ्यात शिट्टी, हातात वेळूची काठी. दिवसभर तो पाण्याच्या कडेने फिरत राहतो. त्याला तेलुगू, गोंडी, हिंदी आणि मराठी येते.

“सकाळी वर गाड्या लागतात तेव्हा पाट्या बघून घेतो जी,” तो म्हणाला. “महाराष्ट्राच्या जास्त असल्या की मराठीत ओरडतो. शिट्टी कोणी ऐकत नाही. पाण्याच्या आवाजात शिट्टी बुडून जाते. आपल्या भाषेत ‘ए दादा, मागं हो’ म्हटलं की माणूस थबकतो.”

त्याचं काम मी बराच वेळ बघत बसले. पोरांचं एक टोळकं खडकाच्या टोकाशी जातं, फोन उंचावतं, पाठ पाण्याकडे करतं. हा ओरडत नाही. शांतपणे चालत त्यांच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन उभा राहतो. पोरं फोटो काढून हलली की हा हलतो. दिवसातून कितीदा असं उभं राहावं लागत असेल! कुंतालाच्या डोहात आजवर पुष्कळ जीव गेले आहेत. त्यात तरुण मुलगे जास्त, आणि पोहता येणारेही होते.

पोहता येणारा का बुडतो, हे समजून घेतलं पाहिजे. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी फेसाळलेलं असतं, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. असं पाणी अंगाला उचलून धरत नाही. शांत डोहात जो माणूस सहज तरंगतो तोच इथे खाली जातो. वरून पडणारी धार तळाशी आपटून बाहेर वळते आणि वरच्या थराने पुन्हा धारेकडेच येते. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे हात मारतो आणि धारेखाली ओढला जातो. त्यातच तळाशी कातळाच्या कपारी आहेत. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आणि पाणी वाढतं ते इथल्या पावसाने नाही. “इथं ऊन असते, लोकं जेवत असतात,” तो तरुण म्हणाला. “पाऊस वर बोथकडं पडलेला असते. थोड्या वेळानं पाण्याचा रंग बदलते. आधी पानं-काड्या वाहून येतात. पानं दिसली की मी सगळ्यांना उठवतो. जेवण राहू द्या म्हणतो.”

डोंगरात पडलेला पाऊस साठवायला या नदीला वर मोठं तळं नाही, सपाट खोरंही नाही. उतार आणि कातळ एवढंच. त्यामुळे ती झटकन चढते. खाली निर्मळ जिल्ह्यात तिच्यावर कडमचं धरण आहे. १९५८ साली त्या धरणावरून पाणी गेलं होतं. २०२२ च्या जुलैमध्ये दारांतून सोडता येईल त्याहून जास्त पाणी आत येऊ लागलं, तेव्हा खालची गावं रिकामी करावी लागली. रविवारी दुपारी जिच्या काठावर लेकरं पाय सोडून बसतात, ती हीच नदी.

पोचेरा वरच्या अंगाला, बोथ मंडळात आहे. उंची वीस मीटरच्या आसपास, पण रुंदी डोळ्यांत भरणारी. तिथे शेकडो पायऱ्या उतराव्या लागत नाहीत, म्हणून म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेली कुटुंबं पोचेरा पसंत करतात. कुंताला पाहिलेल्याला पोचेरा गरीब वाटतो. तसा तो नाही. खालचा डोह खोल आहे.

जत्रा पाणी उतरल्यावर

कुंतालाचं नाव शकुंतलेवरून पडलं असं तिथे सांगतात. दुष्यंताची शकुंतला इथे येत असे म्हणे. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती सोमेश्वराची गोष्ट. धबधब्याच्या कातळात महादेवाचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांतले गोंड, लंबाडा, तेलुगू आणि मराठी सगळेच येतात.

शिवरात्र माघात. म्हणजे नदीचं पाणी पार उतरलेलं, कातळ उघडा आणि कोरडा, शेवाळ वाळून गेलेलं. पावसाळ्यात जिथे उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथे माघात लेकुरवाळी बाई हातात पूजेचं ताट घेऊन जाते. या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या माणसांनी यायचा दिवस निवडला तो हा. पीक घरात आलेलं, हाताला उसंत, आणि नदी निजलेली.

आजची सहल नेमकी उलट्या वेळी येते. पाणी जितकं चढलेलं तितकी गर्दी जास्त, कारण बघायचं आहे ते पाणीच. त्यात चूक काही नाही. धबधबा बघावा तो भरलेलाच. पण जुन्या जत्रेबरोबर तिची रीत आपोआप आली होती, कुठे थांबायचं, कुठे चपला काढायच्या, पाण्याला कुठून हात लावायचा. नव्या सहलीला अशी रीत अजून मिळालेली नाही. ती घडवतोय तो वेळूची काठी घेतलेला तरुण, आणि त्याच्यासारखी काठावरची माणसं. त्यांना हंगामापुरतं काम मिळतं आणि हंगाम संपला की ती पुन्हा कपाशीच्या शेतात जातात.

वाहनतळाजवळ मक्याची कणसं भाजणारी एक बाई भेटली, जवळच्या तांड्यावरची. तीन दगड, कोळसे, पुठ्ठ्याचा पंखा. कणसं घरच्या शेतातली. लिंबाची फोड मिठात आणि तिखटात बुडवून कणसावर फिरवायची तिची हातोटी बघण्यासारखी होती: एका अंगाने वर, दुसऱ्या अंगाने खाली, आणि शेवटी टोकावर थोडं पिळून. मोबाइलवर पैसे घेते, पण “पोरगा शाळेतून आला की तोच बघतो आले का नाही.”

मी विचारलं, दिवाळीत तर गर्दी खूप होत असेल?

“गर्दी होते, पण मी नसते,” ती म्हणाली. “तेव्हा कापूस फुटलेला असते. वेचणीला गेलं नाही तर कापूस वाऱ्यानं जाते. कणसं भाजून दोन पैसे दिसतात, पण घर चालते कापसावर.”

पाऊस थांबलेला, पाणी अजून भरपूर आणि गढूळपणा गेलेला, हवा गार, असे सहलीचे सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. नेमकी तीच कापसाची पहिली वेचणी. पाहुणा येतो तेव्हा यजमान शेतात असतो. मग वाहनतळावर दुकान कोण टाकतं? शहरातून टेम्पो भरून कुरकुऱ्यांची पाकिटं आणि प्लास्टिकच्या बाटल्या आणणारा. दिवस संपला की तो निघून जातो, पाकिटं राहतात. सोमवारी सकाळी ती वेचणाऱ्या बायका पुन्हा गावातल्याच.

दगडी बांध आणि चपला

ज्या इटलीच्या किनाऱ्याचं छायाचित्र मला आलं होतं, त्याची गोष्ट इथे आठवणं भाग आहे. अमाल्फीच्या वर, लिगुरियाच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाचा पाच गावांचा पट्टा आहे: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. अमाल्फीप्रमाणेच हा पट्टाही १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. पाहुण्यांना भुरळ पडते ती समुद्राची आणि घरांच्या रंगांची. पण तो डोंगर उभा धरला आहे तो दगडी बांधांनी. चुना-माती न वापरता, दगडावर दगड नुसता बसवून शेतकऱ्यांनी उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आणि त्यांवर द्राक्षाचे वेल लावले. हे बांध दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतात आणि दरवर्षी हाताने बसवावे लागतात. पुढच्या पिढीने डोंगरातली कष्टाची शेती सोडली आणि बांध बसवणारे हात कमी होत गेले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी ढगफुटीसारखा पाऊस झाला, तेव्हा डोंगर चिखल होऊन वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांत उतरला. पुढच्याच वर्षी दरड पडली आणि समुद्राच्या कडेने जाणारी प्रसिद्ध ‘प्रेमवाट’ बंद झाली. ती नीट उघडायला २०२४ उजाडलं.

आता तिथे वाटेवर जायला कार्ड लागतं, त्या पैशातून वाटांची डागडुजी होते. प्रेमवाटेवर ठरलेल्या वेळेलाच सोडतात आणि एकाच दिशेने चालायला लावतात. डोंगरातल्या पायवाटांवर चपला घालून येणाऱ्याला दंड करण्याचं २०१९ साली जाहीर झालं, ५० युरोपासून पुढे. अमाल्फीच्या अरुंद रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत २०२२ पासून सम-विषम पाट्यांचा नियम आला. जगातल्या नावाजलेल्या किनाऱ्यावरही अखेर प्रश्न हेच राहिले. पाय कुठे ठेवायचा, किती जणांनी ठेवायचा, आणि त्या जागेची रोजची मेहनत कोणी करायची.

कुंतालाच्या पायऱ्यांवर मी चपलांकडे बघत बसले होते. दहातल्या आठ जणांच्या पायात रबरी स्लिपर. दंडाची पाटी लावून इथे काही व्हायचं नाही, आणि बसच्या शून्य तिकिटावर आलेल्या बाईकडून दंड घ्यावा असं मला वाटतही नाही. पण वर वाहनतळाजवळ दोरीचे तळवे किंवा जुने बूट भाड्याने मिळाले, कणसंवालीला वेचणीच्या दिवसांतही थांबणं परवडेल अशी जागा आणि दर मिळाला, राखणीच्या पोराला बारा महिन्यांचा पगार आणि फेकायची दोरी मिळाली, तर पुष्कळ काही होईल. हे माझं मत आहे आणि ते मी तिथल्या माणसांशी बोलूनच बनवलं आहे.

पैनगंगेचे दोन तीर

परतताना आदिलाबादच्या उत्तरेला, पैनगंगेच्या काठी गेले. अजिंठ्याच्या डोंगरात, बुलढाणा जिल्ह्यात निघालेली ही नदी इथे दोन राज्यांची शीव होते. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला ती कातळावरून कोसळते. तो धबधबा महाराष्ट्रात, एका तीरावर किनवट तालुका आणि दुसऱ्यावर उमरखेड. कुंतालाला येणारी नांदेडची कुटुंबं सहस्रकुंड, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूरची रेणुका हे सगळं एकाच फेरीत गुंफतात. राज्याची शीव त्यांच्या सुट्टीच्या आड येत नाही.

कशी येईल? १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते, हैदराबाद संस्थानचा हा मुलूख. भाषावार प्रांत झाले तेव्हा ते इकडे आले, नाती तिकडेच राहिली. आदिलाबादेत आजही मराठी शाळा आहेत, बाजारात मराठी चालते, पोळा दोन्ही तीरांवर सारखाच भरतो. जैनदचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आदिलाबादहून जवळ आहे, कार्तिकात तिथे उत्सव होतो. याच गावी परमार जगद्देवाच्या काळातला संस्कृत शिलालेख मिळाला. माळव्याच्या राजघराण्यातला तो पुरुष दख्खनमध्ये चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी आला होता. येणं-जाणं इथे जुनंच आहे. आता तर टिपेश्वरचे वाघसुद्धा पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या शिवारात येतात आणि भीमपूरकडचे शेतकरी त्यांच्या धास्तीने कापूस घोळक्याने वेचतात.

नदीवर चनाका-कोराटा इथे दोन्ही राज्यांच्या २०१६ च्या करारातून बराज झाला. संध्याकाळी आदिलाबादची माणसं दुचाकीवरून नदीकडे येतात, पुलाजवळ थांबतात, डब्यातलं खातात. दोन तरुण जोडपी, एक पेन्शनर, चार शाळकरी पोरं. पलीकडच्या तीरावरही तशीच माणसं बसली होती. पोरांनी हाक घातली, पलीकडून उत्तर आलं. मराठीतच.

दंडारीचे पाहुणे

या जिल्ह्यात सुट्टीचा आणखी एक प्रकार आहे. तो धबधब्यांच्या सहलींहून फार जुना, आणि त्याचे दिवस दिवाळीचेच. राजगोंडांची दंडारी.

सेतु माधवराव पगडी १९४० च्या दशकात निजामाच्या नोकरीत असताना या भागात होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक लिहिलं. निजामाविरुद्ध उठलेला गोंडांचा पुढारी कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इथल्या गोंडांची स्थिती बघायला आणलं. हायमेनडॉर्फ यांचं काम जगभर माहीत झालं. पगडींचं काम मराठी वाचकाला जास्त जवळचं असायला हवं होतं. या मुलखात फिरताना ते पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

दंडारीत एक गाव दुसऱ्या गावाला पाहुणं जातं. एक घर नाही, सबंध गाव. आधी वाद्यांची पूजा होते, मग जथा निघतो: ढोल, तुडूम, पिपरी वाजवणारे, बायकांचा वेष घेतलेली पोरं, आणि घुसाडी. घुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, त्याला बोकडाची शिंगं, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दंड. व्रत सुरू झालं की संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही. त्याच्या दंडाचा स्पर्श झाला तर दुखणं जातं अशी श्रद्धा आहे. मार्लवाईचे कनक राजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

इंद्रवेल्लीकडच्या एका गुड्यात, म्हणजे गोंड वस्तीत, मी पटेलांच्या अंगणात बसले होते. राम राम झाला, चहा आला. सोबत मोहाचे लाडू, उटनूरच्या आदिवासी बायकांची सहकारी संस्था करते ते. पटेल साठीचे, मराठी स्वच्छ. कुंतालाच्या गर्दीचा विषय मीच काढला.

“आम्ही पण पाहुणे जातो,” ते म्हणाले. “पण आधी निरोप जातो. कोणत्या दिवशी, किती माणसं. ते गाव शिवेपर्यंत वाजवत घ्यायला येते. रात्रभर नाच. सकाळी पोरांचे खेळ. जेवण त्यांचं. सोयरिकीचं बोलणं त्यातच निघते, कारण पाहुणं गाव दुसऱ्या सगाचं, म्हणजे दुसऱ्या कुळगटाचं असते. आणि पुढच्या खेपेला ते आपल्याकडे येणार. त्यांनी जसं घातलं त्याहून कमी घालून चालत नाही.”

आता चालत जाण्याऐवजी ट्रॅक्टर करतात, एवढाच बदल ते सांगत होते. दुसरा बदल त्यांच्या सुनेने सांगितला. “धबधबा बघायला आलेली माणसं आवाज ऐकून गाडी वळवतात. घुसाडीजवळ येऊन उभी राहतात, खांद्यावर हात टाकतात, व्हिडिओ करतात. व्रतात असलेल्या माणसाला असा हात लावायचा नसतो, हे त्यांना कोण सांगणार?” मग गावाने बसून ठरवलं. दुपारच्या नाचाला कोणीही यावं, फोनही चालेल. पूजेला फोन खिशात. आणि जो बसेल तो जेवून जाईल, उभ्या उभ्या बघून कोणी जायचं नाही. हे सांगायला वेशीवर दोन पोरं बसवतात, एक तेलुगू बोलणारा आणि एक मराठी.

“लोक ऐकतात?” मी विचारलं.

“जेवायला बसा म्हटलं की ऐकतात,” पटेल म्हणाले. “ताटावर बसलेला माणूस मग आपणहून विचारतो, हे काय, ते काय. आम्ही सांगतो.”

या दिवाळीला त्यांच्या गुड्यात दुसऱ्या गावची दंडारी येणार होती. किती माणसं, कोणाच्या घरी किती झोपतील, चूल कुठे मांडायची, याचा हिशोब सून वहीत लिहीत होती. मी उठले तेव्हा पटेलांनी विचारलं, तुम्ही येणार का. यायचं मनात आहे, म्हटलं.

“मग कोजागिरीच्या आत फोन करा,” ते म्हणाले. “तांदूळ तेव्हा मोजतो. सोबत कोण असेल तेही सांगा.”